काचेच्या गोळ्यातली काकू

मागच्या शनिवारी इकडे न्यू जर्सीत दिवसभर बर्फ पडत होता. गाडी बाहेर काढायची सोय नाही, कन्येचा पोहण्याचा क्लास रद्द, आणि हॉलमध्ये आईच्या दोन बॅगा आ वासून पडलेल्या. आईचे सहा महिने संपत आलेत, पुढच्या रविवारी तिचं विमान. त्यामुळे घरात सगळे जण गरजेपेक्षा जरा जास्तच गोड वागत होते.

अशा दिवशी तीन पिढ्यांना एकत्र बघता येईल असा पिक्चर शोधणं म्हणजे... त्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी आलेला प्रॉडक्शनमधला बग परवडला. कन्येने (वय ७) मैत्रिणीकडे 'विकेड' पाहिलेला, त्यामुळे तिला हिरवी चेटकीण हवी होती. आईला (वय ७१) 'मारामारी सोडून काहीही'. बायकोचं म्हणणं, लावा एकदाचं. शेवटी मूळ पुरुषालाच शरण गेलो. 'द विझर्ड ऑफ ऑझ', १९३९ चा. म्हणजे आईपेक्षाही म्हातारा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट अशी: कॅन्ससमधल्या एका रुक्ष शेतावर डोरोथी नावाची मुलगी काका-काकूंकडे राहत असते. चक्रीवादळात घरासकट उडून ती ऑझ नावाच्या रंगीबेरंगी देशात पडते. तिला घरी परत जायचंय. वाटेत तिला मेंदू हवा असलेलं बुजगावणं, हृदय हवं असलेला पत्र्याचा माणूस आणि धैर्य हवं असलेला भित्रा सिंह भेटतात, आणि हे सगळे मिळून पाचूनगरीतल्या थोर जादूगाराकडे निघतात. एक दुष्ट चेटकीण मागे लागलेली. जादूगार शेवटी निघतो पडद्यामागे बसून यंत्राचे दांडे ओढणारा एक साधा, भोंदू म्हातारा. बस्स.

मी हा पहिल्यांदा पाहिला हॉस्टेलवर, आणि तोही आवाज बंद करून. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम या पिक्चरवर म्हणे बरोब्बर बसतो, म्हणून रात्री दोनला आम्ही आठ जण एका मॉनिटरसमोर. (बसतो म्हटलं की बसतो. त्या वयात आणि त्या वेळी काहीही कशावरही बसतं.) असो.

तर शनिवारी काय झालं, की एकाच सोफ्यावर बसून आम्ही तिघांनी तीन वेगळे पिक्चर पाहिले. कन्या चेटकीण आली की उशीमागे. 'विकेड'मधली चेटकीण चांगली असते आणि ही तशी नाही, हा धक्का तिला पचेना. मी हसत होतो जादूगाराला. आणि आई? तिचं इंग्रजी जुजबी, गाण्यांतलं काही कळत नव्हतं, निमूट बघत होती. मग तो प्रसंग आला. चेटकिणीने डोरोथीला कोंडून ठेवलंय, समोर वाळूचं घड्याळ, वाळू संपली की खेळ खलास. रडत असताना तिला काचेच्या गोळ्यात एम काकू दिसते. काकू अंगणात उभी राहून इकडेतिकडे बघत हाका मारतेय. डोरोथी ओरडून सांगतेय की मी इथे आहे, घरी यायचा प्रयत्न करतेय. काकूला काहीच ऐकू जात नाही. मग काकूचा चेहरा विरतो आणि त्याच गोळ्यात चेटकीण येऊन तिची नक्कल करते.

आई म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला व्हिडिओ कॉल."

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. सगळ्या वयांना आवडणारा सिनेमा बनवतात तरी कसा, हा प्रश्न डोक्यात होता. कुठली तरी रेसिपी असणार, असा माझा इंजिनिअरी समज. या पिक्चरचा इतिहास मी आधीही थोडाफार वाचलेला होता. पण या वेळी हा प्रश्न घेऊन वाचला तेव्हा लक्षात आलं की रेसिपी-बिसिपी काही नाही. 'सर्वांसाठी' हा प्रकार १९३९ साली झालाच नव्हता. तो नंतर झाला, आणि सिनेमा बनवणाऱ्यांच्या हातात नसलेल्या कारणांनी झाला.

सुरुवात पुस्तकापासून. लेखक एल. फ्रँक बॉम, जन्म १८५६. गडी हरहुन्नरी आणि धंद्यात कायम आपटलेला. साउथ डकोटातल्या ॲबर्डीन गावात 'बॉम्स बझार' नावाचं दुकान काढलं, ते बुडालं. मग वर्तमानपत्र चालवलं, तेही चाललं नाही. (त्याच वर्तमानपत्रात १८९०-९१ मध्ये त्याने मूळ अमेरिकनांचा समूळ नायनाट करावा असे अग्रलेख लिहिलेत. मुलांसाठी इतकं प्रेमळ लिहिणाऱ्या माणसाने हेही लिहिलं, हे विसरता येत नाही.) पुढे शिकागोला येऊन तो फिरता विक्रेता झाला आणि १८९७ साली त्याने दुकानांच्या काचेआडची सजावट या विषयावर चक्क एक मासिक काढलं. आता गंमत बघा. पुस्तकातली पाचूनगरी मुळात हिरवी नाहीच. जादूगार प्रत्येकाला वेशीवर हिरवा चष्मा घालायला लावतो, म्हणून ती हिरवी दिसते. ज्याने माल मांडून गिऱ्हाइकाचे डोळे दिपवायचं शास्त्र लिहिलं, त्यालाच असला जादूगार सुचणार!

१९०० साली पुस्तक आलं. प्रस्तावनेत बॉमने म्हटलंय की जुन्या परीकथांमधली भीती आणि क्रौर्य गाळून त्याला फक्त आनंद देणारी नवी गोष्ट सांगायची होती. हे लक्षात ठेवा, कारण सिनेमाने याच्या बरोब्बर उलटं केलं.

१९३७ च्या डिसेंबरात डिस्नेचा 'स्नो व्हाइट' आला आणि तुफान चालला. एमजीएमला वाटलं, आपलंही एक परीकथेचं असावं. (एमजीएममधला पहिला 'एम' म्हणजे मेट्रो. मुंबईत धोबी तलावाचं मेट्रो थिएटर १९३८ साली याच कंपनीने बांधलं.) मग जो काय प्रोजेक्ट चालला, तो आपल्यापैकी कुणालाही ओळखीचा वाटेल. पहिला दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प दोनेक आठवड्यांत बाहेर. मग जॉर्ज क्यूकर काही दिवसांसाठी आला. त्याने एकही शॉट घेतला नाही, पण ज्यूडी गार्लंडचा सोनेरी विग आणि थापलेला मेकअप काढायला लावला. कन्सल्टंटने एकच सूचना करावी आणि तीच सगळ्यात मोलाची ठरावी, तसं. मग व्हिक्टर फ्लेमिंग. त्याला शेवटी 'गॉन विथ द विंड'वर पाठवलं, तेव्हा कॅन्ससचा भाग किंग व्हिडोरने पुरा केला. म्हणजे इंद्रधनुष्याचं ते जगप्रसिद्ध गाणं ज्याने चित्रित केलं, त्याचं नाव पडद्यावर नाहीच.

माणसांचेही हाल झाले. पत्र्याच्या माणसासाठी आधी घेतलेला बडी एब्सन चेहऱ्यावरची ॲल्युमिनियमची पूड फुप्फुसात जाऊन हॉस्पिटलात पोचला. त्याच्या जागी आला जॅक हेली. २३ डिसेंबर १९३८ ला चेटकीण धुरात गायब होण्याच्या शॉटमध्ये मार्गारेट हॅमिल्टनचा चेहरा आणि हात भाजले. तिच्या तोंडावरच्या हिरव्या रंगात तांबं होतं, त्यामुळे भाजलेल्या कातडीवरून तो तातडीने पुसून काढावा लागला. सहा आठवड्यांनी ती परत आली ती एका अटीवर: आगीजवळ मी जाणार नाही.

ही हॅमिल्टन बाई सिनेमात यायच्या आधी बालवाडीत शिकवायची. पडद्यावर ती जेमतेम बारा मिनिटं आहे. पहिल्या काही चाचणी खेळांत मुलं इतकी घाबरली की तिचे काही तुकडे कापावे लागले. तरी जे उरलं ते अख्ख्या अमेरिकेच्या स्वप्नात शिरलं. १९७५ साली लहान मुलांच्या टीव्हीवरच्या मिस्टर रॉजर्सने तिला बोलावलं, आणि तिने मुलांसमोर तो काळा पोशाख एकेक करून चढवून दाखवला की हे फक्त नाटक आहे. पुढच्याच वर्षी ती 'सेसमी स्ट्रीट'मध्ये चेटकीण म्हणून आली. मुलं घाबरल्याची इतकी पत्रं आली की तो भाग परत दाखवलाच नाही.

मला वाटतं पहिली कळ इथे आहे. बॉमला जी भीती गाळायची होती ती सिनेमाने परत आणली, आणि पातळ न करता आणली. मुलांना कळतं, आपल्याला फसवतायत की खरं सांगतायत ते.

दुसरी कळ मोठ्यांची. बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि सिंह ही कामं करणारे रे बोल्जर, हेली आणि बर्ट लार हे तिघेही व्हॉडव्हिलमधून आलेले. म्हणजे आपल्याकडच्या सोंगाड्यांसारखे, रोज नव्या गावात, समोर म्हातारा बसलाय की पोर हे बघून वेळ मारून नेणारे. मुलांसाठी म्हणून वेगळा बोबडा आवाज काढायचा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि गाणी लिहिणारा यिप हारबर्ग. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेल्या ज्यू निर्वासितांचा मुलगा. विजेच्या उपकरणांचा धंदा १९२९ च्या मंदीत बुडाला म्हणून हा गीतकार झाला, आणि १९३२ साली रस्त्यावर हात पसरणाऱ्या बेकार माणसाचं, मंदीच्या काळाचं म्हणावं असं गाणं त्याने लिहिलं. अशा माणसाने सहा वर्षांनी इंद्रधनुष्याचं गाणं लिहिलं, तर ते निव्वळ परीकथेचं कसं राहील? चाचणी खेळानंतर हे गाणंच कापलं होतं, सुरुवात रेंगाळते म्हणून! निर्माता मर्व्हिन लरॉय आणि आर्थर फ्रीड यांनी भांडून ते परत घालायला लावलं.

जादूगार शेवटी बक्षिसं वाटतो तो प्रसंगही हारबर्गच्याच डोक्यातला. बुजगावण्याला मेंदू नाही, डिप्लोमा मिळतो. सिंहाला पदक, पत्र्याच्या माणसाला टिकटिकणारं हृदय. डिप्लोमा हातात पडताक्षणी बुजगावणं त्रिकोणाचं एक प्रमेय घडाघडा म्हणून दाखवतं, आणि ते साफ चूक आहे. पायथागोरस समजावं तर त्रिकोण समद्विभुज आणि वर्गांऐवजी वर्गमुळं! हॉस्टेलवर आवाज बंद होता म्हणून हे तेव्हा कळलंच नव्हतं. आता परवा नवीन सर्टिफिकेशन करून आलेल्या आमच्या मॅनेजरचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी सोफ्यावरून पडायचाच बाकी होतो. कन्या विचारते, बाबा हसतोय का?

माझा आवडता जुगाड मात्र दाराचा. डोरोथी भुरकट घराचं दार उघडते आणि बाहेर रंगच रंग. हा शॉट कुठलाही ट्रिक कॅमेरा न वापरता केलाय. घराची आतली बाजू रंगानेच भुरकट रंगवली, ज्यूडीच्या बदली मुलीला भुरकट कपडे घालून दाराशी उभं केलं आणि सगळं रंगीत फिल्मवर शूट केलं. दार उघडून ती मुलगी बाजूला सरकते आणि निळ्या झग्यातली खरी ज्यूडी पुढे येते. हार्डवेअर तेच, फक्त इनपुट बदललं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये एआय वापरून हाच सिनेमा अवाढव्य पडद्यावर ताणून दाखवायला सुरुवात झाली, तीही १०२ मिनिटांचा सुमारे ७५ करून. माझं पोट त्याच धंद्यावर आहे, पण मला विचाराल तर मी रंगाच्या डब्याला मत देईन.

बरं, इतकं सगळं करून १९३९ च्या ऑगस्टमध्ये सिनेमा लागला. गर्दी झाली, पण पैसे झाले नाहीत. खर्च सुमारे २७ लाख ७७ हजार डॉलर, पहिल्या फेरीत आले साधारण ३० लाख, आणि प्रिंट, जाहिरात, वितरण धरून खोट आली ११ लाखांच्या आसपास. एक कारण युरोपातलं युद्ध. दुसरं कारण जास्त गमतीचं: प्रेक्षकांत पोरंच इतकी होती, आणि त्यांचं तिकीट स्वस्त! १९४९ साली पुन्हा प्रदर्शित केला तेव्हा कुठे नफा दिसला.

इथवर हा एक चांगला, महागडा, मुलांचा म्हणून गणलेला सिनेमा होता. मग आला टीव्ही. ३ नोव्हेंबर १९५६, शनिवार, रात्री ९ वाजता सीबीएसने तो दाखवला. तेव्हा साडेचार कोटी लोकांनी बघितल्याचा अंदाज आहे. १९५९ पासून मात्र तो दाखवायला लागले संध्याकाळी लवकर, मुलं जागी असताना, आणि एखादा अपवाद सोडता दरवर्षी. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधीची वीसेक वर्षं तरी हा सिनेमा अमेरिकेत वर्षातून एकदाच, एकाच संध्याकाळी, सगळ्या घरांत एकदम दिसायचा. चुकला की वर्षभर थांबा. आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायणा'च्या वेळी रस्ते ओस पडायचे, ते आठवा. फक्त हे वर्षाचा सण असल्यासारखं.

आता याचा हिशोब करा. पाच वर्षांचं पोर पहिल्यांदा बघतं तेव्हा चेटकीण. दहाव्या वर्षी पडद्यामागचा म्हातारा सापडल्याचा आनंद. पंधराव्या वर्षी, हे गाव सोडून जायचंय मला. आणि मग एक दिवस स्वतःचं पोर मांडीवर घेऊन, काचेच्या गोळ्यातली काकू. सिनेमा तोच, दरवर्षी एका वर्षाने मोठा होऊन आलेला माणूस वेगळा. तेव्हा बहुतेकांचे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, रंगीत टीव्ही निम्म्या घरांत पोचायला १९७० चं दशक उजाडलं. म्हणजे ज्या पिढीने या सिनेमावर सगळ्यात जास्त प्रेम केलं, त्यातल्या कित्येकांनी लहानपणी तो दाराचा शॉट करड्यातून करड्यातच पाहिला! रंग नसतानाही जे उरलं, ते घेऊन ते मोठे झाले.

(हारबर्गला कम्युनिस्ट ठरवून १९५० च्या दशकात हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलं होतं. १९५६ च्या त्या रात्री त्याची गाणी साडेचार कोटी लोक ऐकत होते आणि त्याला स्वतःला सिनेमात काम नव्हतं.)

राहता राहिला घराचा मुद्दा, ज्याने मला रात्री दीड वाजेपर्यंत जागं ठेवलं. सिनेमाचा शेवट सगळ्यांना पाठ आहे: टाचा तीनदा आपटायच्या आणि घरी. शिवाय सिनेमात ऑझ हे स्वप्न होतं असं दाखवलंय. सलमान रश्दींनी लहानपणी मुंबईत हा सिनेमा पाहिला, दहाव्या वर्षी त्याच्या प्रभावाखाली पहिली गोष्ट लिहिली, आणि १९९२ साली या सिनेमावर एक छोटं पुस्तकही लिहिलं. त्यांना हा शेवट अजिबात पटत नाही. रंग सोडून कुणी भुरकटपणाकडे कशाला जाईल, असा त्यांचा साधारण सवाल. तेव्हा ते स्वतः जिवाला धोका म्हणून लपून राहत होते, घर नावाची गोष्टच हातून गेलेली.

पण बॉमच्या पुस्तकांत ऑझ खरं आहे, आणि डोरोथी पुन्हा पुन्हा तिथे जाते. १९१० च्या सहाव्या पुस्तकात तर काका कर्जात बुडतात. वादळाने उडालेल्या घराच्या जागी नवं बांधायला शेत गहाण टाकलेलं असतं, बँक ते घेऊ बघते. तेव्हा डोरोथी काय करते? काका-काकूंनाच ऑझला बोलावून घेते, कायमचं. म्हणजे ग्रीन कार्डच! सिनेमा म्हणतो परत जा, मूळ लेखक म्हणतो त्यांना इकडे आणा. गेली अकरा वर्षं दर दिवाळीला आमच्या घरात होणारा वाद एका माणसाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय, हे बघून मला एकदम कुणीतरी सापडल्यासारखं झालं. माझ्या बाजूने बोलणारं.

रविवारी सकाळी चहा घेताना आईला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. बघ, खऱ्या गोष्टीत ती मुलगी काका-काकूंना तिकडे आणते, राजवाड्यात ठेवते, रेशमी कपडे, हाताखाली माणसं, सगळं.

आईने बशीत चहा ओतला. "मग करमलं का त्यांना तिथे?"

खोटं बोलता आलं असतं. पण पुस्तकात आहे ते आहे. त्या रेशमी कपड्यांत दोघं अवघडतात. आयुष्यभर राबलेली माणसं, काही करायलाच नाही म्हणून चुळबुळत बसतात.

"बघ," आई म्हणाली, आणि वजनकाट्यावर बॅग ठेवायला मला हाक मारली. साडेचोवीस किलो भरली. कन्येने आजीसाठी काढलेल्या हिरव्या चेटकिणीच्या चित्राची फ्रेम काचेची होती, ती काढून नुसतं चित्र ठेवलं, आणि मग बसली.